डबीवर नाव नव्हतं

“ताई, ती डबी आहे का हो? पांढरी, निळ्या झाकणाची? आमच्या जाऊबाईंनी नेली होती बघा तुमच्याकडनं.”

गेल्या आठवड्यात एक नवीन बाई पार्लरच्या दारातूनच विचारत होत्या. मी एकीच्या भुवया करत होते, थ्रेडिंगचा दोरा दातात होता, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही. ती डबी विकणं मी २०१७ मध्ये बंद केलं. तरी अजून वर्षातून दोन-तीनदा तिचं नाव निघतंच. नाव तरी कसलं म्हणा, डबीवर नावच नव्हतं!

बार्शीत माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. २००३ साली सोलापूरला सहा महिन्यांचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत आरसा, एक खुर्ची, वाफेचं मशीन मांडून सुरुवात केली. तेव्हा गिऱ्हाइकं म्हणजे लग्नाच्या नवऱ्या आणि गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या मुली. आता शिक्षिका येतात, बँकेतल्या येतात, रानातलं काम उरकून भुवया करायला येणाऱ्या बायकाही आहेत. प्रत्येकीचं म्हणणं मात्र फिरून फिरून एकच : “चेहरा जरा उजळला पाहिजे बघा.”

ती डबी २०१६ मध्ये आली. कॉस्मेटिकचा माल घेऊन येणारा एक सेल्समन होता, त्याने पिशवीच्या तळातून काढून दिली. “मॅडम, हे फॉर्म्युला क्रीम आहे. सात दिवसांत रिझल्ट. मोठ्या शहरातल्या पार्लरमध्ये हेच चालतंय.” मला पडायची साठ रुपयांना, मी विकायची दीडशेला. आधी स्वतः लावून पाहिली, कारण धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले होते. खरं सांगते, आठ दिवसांत चेहरा असा लखलखीत झाला की मिस्टरांनी विचारलं, “काय लावलंयस?” आता सांगा, मी ती विकली नसती तरच नवल! आळस म्हणा की नशीब, माझ्याकडून स्वतःला रोज लावणं काही झालं नाही. दुसऱ्यांना मात्र नेमाने लावायला सांगत राहिले.

त्याच दिवाळीत नणंद माहेरी आल्या. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. मुलगी बीकॉम झालेली, नाकीडोळी नीटस, बोलायला गोड. बायोडेटात मामांनी लिहिलं होतं ‘निमगोरी’. हा शब्द लग्नाच्या बाजाराबाहेर कुठे ऐकलाय का हो तुम्ही? मुलगी सावळी होती आणि छान दिसायची. पण दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ म्हणून कळवलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, “तुझं एवढं पार्लर आहे, पोरीसाठी काहीतरी कर की.” मी एक सोडून तीन डब्या दिल्या. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

फेब्रुवारीत लग्न ठरलं. सगळे म्हणाले, मामीचा हात लागला!

हळदीचा दिवस

लग्न मे महिन्यात होतं. एप्रिलमध्ये तिचा फोन आला होता, की उन्हात गेलं की गाल लाल होतात आणि बारीक पुटकुळ्या आल्यात. मी म्हटलं, उन्हाळा आहे, रात्री जरा जास्त लाव. हे वाक्य मी बोलले होते, आजही मला ते जसंच्या तसं आठवतं.

हळदीला पाच सुवासिनींनी तिच्या गालाला हळद लावली आणि ती कळवळलीच. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. बायका म्हणाल्या, सासरी जायचंय ना, भरून आलं पोरीला. मी जवळ गेले तेव्हा ती कानात म्हणाली, “मामी, लय आग होतीय. पुसून काढ ना.” ओल्या रुमालाने हळद पुसली तर खालची कातडी भाजल्यासारखी लालबुंद. खिडकीजवळच्या उजेडात पाहिलं, तर गालावर केसाएवढ्या बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि कानशिलापासून हनुवटीपर्यंत काळी लव आली होती. बोहल्यावर ती जाड मेकअपखाली उभी राहिली. तो मेकअपही मीच केला होता.

त्या रात्री मी तिला सांगितलं, डबी बंद कर. हेही चुकलंच, कारण डॉक्टरांना न विचारता सांगितलं. बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिचा चेहरा सुजला, पाणी सुटल्यासारखे फोड आले. नवीन सासर, पाहुण्यांची ये-जा, आणि नवी नवरी ओढणीआड तोंड लपवून बसलेली. घाबरून तिने परत क्रीम लावलं, तर दोन दिवसांत बरं वाटलं. म्हणजे लावलं की शांत, सोडलं की आग. दारूचं जसं असतं ना, अगदी तसंच.

शेवटी जूनमध्ये जावईबापूच म्हणाले, चला सोलापूरला. मीही सोबत गेले. एसटीत दोघींत एक शब्द झाला नाही.

त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी तिच्या गालाकडे भिंगातून मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, “क्रीम किती महिने लावलंत? कुणी दिलं?” भाची खाली मान घालून म्हणाली, “असंच... आणलं होतं कुठूनतरी.” ती मला वाचवत होती. मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, “मॅडम, मी दिलं. माझं पार्लर आहे.”

वाटलं होतं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, “अजून किती जणींना दिलंय?”

आत काय होतं?

डबीवर काहीच लिहिलेलं नसल्याने आत नेमकं काय आहे हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. पण चेहरा सांगत होता की त्यात स्टेरॉइड आहे. मग त्यांनी कागदावर काढून समजावलं, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोरीच्या आणि काळीच्या अंगात त्यांची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो त्या किती आणि कसा रंग बनवतात याचा. हा रंग म्हणजे मेलॅनिन. ते उन्हापासून आपलं रक्षण करतं, म्हणजे ती देवाने दिलेली छत्रीच. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघा डॉक्टरांनी डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं होतं : रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर लवकर बदलायला लावणारं ट्रेटिनॉइन, आणि दाह कमी करणारं स्टेरॉइड. (गंमत बघा, आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली तीही १९७५ मध्येच. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला.) त्या तीन औषधांत पुढे फेरफार झाले, पण हे मिश्रण वांगांसाठी डॉक्टर आजही देतात. मात्र डागापुरतं, रात्री, आणि काही आठवडेच. आपण काय केलं? ते गोरं होण्याचं क्रीम समजून सगळ्या तोंडाला महिनोन्महिने फासलं.

स्टेरॉइडने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा पांढरा आणि गुळगुळीत दिसतो. सात दिवसांचा रिझल्ट तो हाच! पुढे कातडी पातळ होत जाते, खालच्या शिरा दिसू लागतात, मुरुम उठतात, लव वाढते, ऊन सहन होत नाही. औषध थांबवलं की दाबून ठेवलेला दाह उसळून वर येतो. इसब वगैरे आजारांत हीच मलमं मोठं काम करतात, त्यामुळे मलम वाईट नाही, ते डॉक्टरांशिवाय तोंडाला लावणं वाईट. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण आपल्या गावातल्या मेडिकलमध्ये ‘ती खाजेची ट्यूब द्या’ म्हटल्यावर काय होतं, ते तुम्हीही जाणता.

मॅडमनी आधीच बजावलं होतं, “पुढचे तीन-चार आठवडे चेहरा आणखी बिघडेल. तेव्हा धीर सोडून परत डबीकडे वळू नका.” साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर, रात्री लावायचं स्टेरॉइड नसलेलं एक मलम, गोळ्या, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि उन्हापासून जपणं. बाकी काही नाही. हळद, बेसन, लिंबू, सगळं बंद. भाची त्या दिवसांत रोज रात्री फोन करायची आणि मी नुसती ऐकायची. आठ महिने लागले. आग थांबली, पुटकुळ्या गेल्या, लव बरीच विरळ झाली. गालावरच्या दोन-चार लाल शिरा मात्र राहिल्या त्या राहिल्याच. वन्सं दीड वर्ष माझ्याशी बोलल्या नाहीत. भाऊबीजेला आल्या, ओवाळून, न जेवता गेल्या.

उधारीची वही

सोलापूरहून आल्यावर मी उधारीची वही काढली. डब्या बहुतेक उधारीवरच जायच्या, त्यामुळे नावं सापडली. एक्केचाळीस. संध्याकाळी पार्लर बंद करून एकेकीच्या घरी जायला लागले. तोंडाने सांगणं किती जड जातं म्हणून सांगू! बऱ्याच जणींनी कधीच बंद केलं होतं. पाच-सहा जणी रोज लावत होत्या आणि त्यांचे गाल पाहून मला एसटीतला तो दिवस आठवायचा. एकीचे मिस्टर दारात येऊन वाट्टेल ते बोलले. आणि एक जण शांतपणे म्हणाली, “तुम्ही नका देऊ, मी मेडिकलमधनं आणते. आता सोडून हे तोंड घेऊन जाऊ कुठं?” तिला मी दोनदा सोलापूरला नेलं. तिसऱ्यांदा ती आली नाही.

गिऱ्हाइकी तुटली. महिन्याकाठी डब्यांतून सुटणारे अडीच-तीन हजार गेले, ते वेगळेच. पण पुढे जे वाचलं, त्याने अंगावर काटा आला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण आढळले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला आणि त्यातले १३ जण गोरं करणारी क्रीमं लावत होते. कारण निघालं पारा! आपल्या विदर्भातही एकाच घरातल्या तीन स्त्रियांना असं क्रीम लावून मूत्रपिंडाचा त्रास झाल्याची बातमी आली होती. पारा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळतो, आणि कातडीतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठतो. आईच्या चेहऱ्यावरून, उशीवरून तो पोराबाळांपर्यंतही पोचू शकतो. म्हणून डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, आत काय आहे ते लिहिलेलं नसेल, ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ असे शब्द असतील, किंवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांपासून दूर ठेवा’ अशी सूचना असेल, तर ती डबी घरात ठेवूच नका. फुकट मिळाली तरी.

आता माझ्या वांगांचं सांगते, कारण खुर्चीत बसणाऱ्या दर तिसऱ्या बाईचा प्रश्न तोच असतो. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं की वांग आटोक्यात राहतात, कायमचे जातीलच असं नाही. बाळंतपण, पाळी लांबवायच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, आईकडून आलेली ठेवण, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ऊन. चुलीची, गॅसची धग लागूनही ते गडद होऊ शकतात. सनस्क्रीनचं मला वाटायचं की सिनेमातल्या बायकांची चैन. पण त्याशिवाय वांगांवरचं कुठलंच औषध टिकत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर लांबलचक रेघ येईल एवढं चेहऱ्याला आणि मानेला, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि म्हणतो गुण येत नाही! वांग असलेल्यांनी रंगीत, म्हणजे किंचित तपकिरी छटेचं सनस्क्रीन घेतलं तर जास्त चांगलं, त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडापासूनही आडोसा देतं. महाग पडतं, मान्य. एवढं लावलं तर ट्यूब महिन्यात संपते. मी पार्लरमधली गोल्ड फेशियलची किटं आणणं बंद केलं, त्यात माझं सनस्क्रीन बसतं. गोल्ड फेशियलने त्या संध्याकाळपुरती चमक येते, ती मुख्यतः मसाजची आणि क्रीमची. सोन्याची नव्हे. माझ्याच धंद्याचं सांगतेय, तेव्हा विश्वास ठेवा.

आणि मानेचा काळेपणा? एक बाई दोन वर्षं माझ्याकडे मान घासून घ्यायला येत. स्क्रब झालं, ब्लीच झालं, मान जास्तच काळी. ती कातडी जाडसर, मखमलीसारखी लागायची हाताला. सोलापूरला विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, “घासू नका, आधी शुगर तपासा.” शुगर वाढलेली निघाली. अंगातलं इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की मान, काखा अशा काळवंडतात. वजन थोडं उतरवल्यावर, औषध चालू झाल्यावर मानही निवळत गेली. आता अशी मान दिसली की मी स्क्रबचा डबा उघडतच नाही. तसंच हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित असेल तर दोरा फिरवण्याआधी डॉक्टरांना दाखवायला सांगते, पीसीओडी असू शकतं.

टिकलीचं तर विचारूच नका. एका सुनेच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका आला. सासूबाई रडायच्या, घरात कोड आलं म्हणून! तिला माहेरी पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. टिकलीच्या गोंदात एक रसायन असतं, ते काही जणींच्या रंगपेशी मारतं. टिकली बंद केली, औषध घेतलं, डाग हळूहळू भरत आला. सगळ्यांचा भरतोच असं नाही, म्हणून खाज सुटली की तेव्हाच ती टिकली काढून टाका.

आता आपल्याकडेही ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्या लागल्या आहेत. पील, लेझर, सहा सिटिंगचं पॅकेज, हप्त्यानेही घेतात. मी यांच्या विरोधात नाही बरं का. पील म्हणजे आम्लाने कातडीचा वरचा थर काढणं. ग्लायकोलिक हे उसातही सापडणारं, लॅक्टिक हे दही आंबतं तेव्हा तयार होणारं. तज्ज्ञांच्या हातून, आधी काही आठवडे कातडीची तयारी करून घेतलं तर मुरुमांच्या डागांना चांगला गुण येतो. पण आपली कातडी गव्हाळ-सावळी. तिला जरा भाजलं की काळा डाग राहतो आणि तो मूळ डागापेक्षा हट्टी असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने ऐन मे महिन्यात पील करून घेतलं, दुसऱ्या दिवशी गाडीवरून कामाला गेली, सुटणारे पापुद्रे नखाने ओढले. अजून डाग आहेत. लेझरने केस कमी होतात, विरळ होतात, पण कायमचे नाहीसे होतीलच असं कुणी सांगितलं तर चार पावलं मागे या. पांढऱ्या केसांना ते लागू पडत नाही. वांगांवर लेझर अगदी शेवटी, कारण त्यानंतर वांग उलटून जास्त गडद होऊ शकतात. आणि पाटीवर नावापुढे एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी आहे का ते वाचा. (डीव्हीडी म्हणजे सिनेमाची तबकडी नव्हे, त्वचारोगाचा डिप्लोमा. मीही हसले होते.) जास्त पैसे नसतील तर सोलापूरच्या सिव्हिलमध्येही त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढा, रांगेत उभं राहावं लागेल एवढंच.

तर परवाच्या त्या बाई. दोरा दातातून काढून मी विचारलं, “कुणासाठी पाहिजे?”

“पोरीसाठी. नववीला आहे. वर्गातल्या पोरी काळू म्हणतात तिला.”

पोरगी मागे उंबऱ्याबाहेर उभी होती, चपला न काढता. मी तिला आत घेतलं. गालावर मुरुम होते, वयाचे. मी बाईंना सगळं सांगितलं, भाचीसकट. भाची आता लातूरला असते, तिला चार वर्षांची मुलगी आहे, अगदी आजीच्या रंगावर गेलीय. बारशाला कुणीतरी म्हणालं, पोरीला दुधात डाळीचं पीठ कालवून लावत जा. तर भाचीने सगळ्यांदेखत सांगितलं, “माझ्या पोरीच्या तोंडाला कुणी काही लावायचं नाही.” वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त पेढ्याचं ताट माझ्याकडे सरकवलं.

बाईंना पटलं की नाही, कळेना. थोडा वेळ त्या आरशात पाहत राहिल्या.

“बरं, मग माझ्या नुसत्या भुवया तरी करा,” म्हणत खुर्चीत बसल्या.

पोरगी स्टुलावर बसून विचारायला लागली, “काकू, ते दोन बोटांचं काय म्हणाला, परत सांगा ना.”